भट्टीतली काच शिकताना: खान्देशातल्या नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार भागातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये आहेत आणि जाडी दुकानात बोलतात तशी एमएममध्ये. घाई असेल तर आधी प्रश्न १० वाचा, बाकीचे सवडीने. काच बिघडण्याच्या निम्म्याहून अधिक तक्रारी शेवटी तिथेच येऊन थांबतात.

१. भट्टीत काच घडवणं म्हणजे नेमकं काय? फुंकून करतात तेच का?

नाही. फुंककामात वितळलेली काच नळीच्या टोकावर घेऊन हजार अंशांच्या वर काम चालतं. इथे थंड काच कापायची, मांडायची, भट्टी बंद करायची आणि बाकीचं काम उष्णतेवर सोपवायचं. खिडकीच्या साध्या काचेचे टप्पे असे: ६८० ते ७३० अंशांना ती मऊ होऊन साच्यात बसते, याला स्लंपिंग म्हणतात. ७५० ते ७९० ला तुकडे एकमेकांना चिकटतात पण कडा वेगळ्या दिसतात, हा टॅक फ्यूज. ८२० ते ८४० ला सगळं एकजीव होतं, हा फुल फ्यूज. फ्युजिंगसाठी खास बनवलेली रंगीत काच यापेक्षा २० ते ४० अंश आधीच हे सगळं करते.

२. सुरुवातीला कोणती काच घ्यावी? बाहेरून मागवावी लागते का?

मागवू नका, निदान पहिल्या सहा-सात फायरिंगपर्यंत तरी नाही (भट्टी एकदा चालवली की एक फायरिंग). गावातल्या काचेच्या दुकानातली ४ एमएम प्लेन काच पुरते. खिडक्या, टेबलं, फ्रेमा करताना उरलेल्या पट्ट्या दुकानदार बहुधा स्वस्तात देतो. अट एकच: एका कामातले सगळे तुकडे एकाच शीटमधले हवेत. दोन वेगळ्या कंपन्यांच्या प्लेन काचा दिसायला सारख्या असल्या तरी आकुंचनात थोडा फरक असू शकतो. घरी आणल्यावर प्रत्येक पट्टीवर मार्करने तारीख आणि दुकान लिहून ठेवा. भट्टीत घालण्याआधी ते पुसायला विसरू नका.

प्लेन काचेत लोहाचा अंश असतो, म्हणून दोन-तीन थर झाले की कडेने हिरवट दिसते. ते खटकत असेल तर एक्स्ट्रा क्लिअर काच मागा. ती महाग पडते आणि शिकण्याच्या काळात त्या पैशाचा काही उपयोग नाही.

३. टफन काच, आरसा, गाडीची काच, बाटल्या यांतलं काय चालतं?

टफन काच कापता येत नाही, कटर टेकवला की तिचा चुरा होतो. मात्र तो चुरा भट्टीत वितळतो, आणि तापल्यावर तिचा टफनपणा निघून जातो. गाडीची पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते. ती भट्टीत अजिबात नको, धूर होतो. आरशाच्या पाठीवर रंग असतो, तो जळून घाण वास सुटतो आणि काच डागाळते. बाटली चालते, पण एका बाटलीचे तुकडे त्याच बाटलीच्या तुकड्यांबरोबरच वापरायचे. लॅबमधलं बोरोसिलिकेट आणि ओव्हनमध्ये चालणारी भांडी बाजूला ठेवा, त्यांचं गणितच निराळं.

४. भट्टी कशी निवडायची?

आतून ३० × ३० सेंमी आणि १५ सेंमी उंच एवढी भट्टी शिकायला भरपूर झाली. तार झाकणात, म्हणजे वरून तापणारी असेल तर सपाट कामाला उत्तम, कारण काचेचा सगळा पृष्ठभाग एकाच वेळी तापतो. बाजूंना तार असलेल्या भट्टीत कडा आधी तापतात आणि मध्य मागे राहतो. ती चालवायची तर वेग निम्मा करावा लागतो.

भट्टीपेक्षा कंट्रोलरवर जास्त लक्ष द्या. रॅम्प-सोक असलेला, म्हणजे ताशी किती अंश चढायचं आणि कुठे किती थांबायचं हे टप्प्याटप्प्याने भरता येतं असा पीआयडी कंट्रोलर आणि तापमान मोजणारं के-टाइप थर्मोकपल हवं. निव्वळ चालू-बंद थर्मोस्टॅटवर काच शिकता येत नाही. कंट्रोलरच्या हुकमाने तारेची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणजे एसएसआर. तो बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा तो चालू स्थितीतच अडकतो आणि भट्टी तापतच राहते, म्हणून त्याच्या मागे वेगळा कॉन्टॅक्टर आणि जादा तापमानाला लाइन तोडणारी सोय करून घ्या. बनवणारा ‘गरज नाही’ म्हणाला तरी आग्रह धरा.

५. आमच्याकडे दागिन्यांच्या ओतकामाची भट्टी आहे. तिच्यात होईल का? आणि कुंभाराच्या आव्यात?

जळगावहून हा प्रश्न हमखास येतो. मेण जाळण्याची भट्टी ८५० अंशांपर्यंत सहज जाते, त्यामुळे लॉकेट, कानातले, छोटी चकती एवढं काम तिच्यात होतं. अडचणी दोन. मेणाची काजळी भिंतींना चिकटलेली असते आणि ती काचेवर उतरते. आधी एकदा रिकामी भट्टी ८५० ला तासभर चालवून ती जाळून घ्या. दुसरं, तारा बाजूंना असतात, त्यामुळे तुकडा बरोबर मध्ये ठेवा आणि चढण ताशी ६० ते ७० अंशांच्या वर नेऊ नका. कंट्रोलर नुसता एका तापमानाला धरून ठेवणारा असेल तर तो बदलावाच लागेल.

आव्यात, वीटभट्टीत, चुलीत नाही. तिथे उतरण हातात नसते आणि राख थेट काचेवर बसते.

६. घरच्या मीटरवर चालेल का? बिल किती येईल?

३ किलोवॉटची भट्टी २३० व्होल्टला साधारण १३ अँपिअर घेते. तिला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी, ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर आणि खरं अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तो १ किलोवॉट असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

भट्टी सतत पूर्ण ताकदीने चालत नाही, कंट्रोलर तिला चालू-बंद करत राहतो. म्हणून वॉट गुणिले तास असं सरळ गणित केलं की आकडा फुगतो. प्रश्न ९ मधल्या एका फायरिंगला या आकाराची भट्टी साधारण ८ ते १२ युनिट घेते. स्वतःच्या भट्टीचा आकडा हवा तर आधीचं आणि नंतरचं मीटर रीडिंग लिहा.

७. काच कापताना रेघेवरून न तुटता भलतीकडेच फुटते. काय चुकतंय?

बहुतेक वेळा रेघ दोनदा ओढलेली असते. रेघ एकदाच, या कडेपासून त्या कडेपर्यंत, न थांबता, सारख्या दाबाने. पांढरी भुकटी उडणारी जाड रेघ म्हणजे दाब जास्त झाला. बरोबर रेघ बारीक असते आणि ओढताना सलग आवाज येतो. चाकाला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावा. रेघ ओढली की लगेच तोडा, चहा पिऊन आल्यावर नको. टेबलावर वर्तमानपत्रांची घडी अंथरा, म्हणजे काच टेकते पण कडक बसत नाही.

एक सेंमीपेक्षा बारीक पट्टी हाताने तुटत नाही, तिला रनिंग प्लायर, म्हणजे रेघेवर दाब देऊन काच तोडणारी पक्कड लागते. आत वळणारा खोल गोलाकार एका घावात कधीच निघत नाही. आधी उथळ वळण काढा, मग थोडं खोल, मग हवं तेवढं. शहरातल्या एखाद्या फ्रेमवाल्याकडे दोन दुपारी बसून त्याचा हात पाहिलात तर व्हिडिओंपेक्षा लवकर शिकाल.

८. किल्न वॉश (काच शेल्फला चिकटू नये म्हणून द्यायचा लेप) घरी करता येतो का?

येतो. अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले वजनाने समसमान घ्या. एक वाटी मिश्रणाला चार ते पाच वाट्या पाणी, पातळ ताकाइतकं. मऊ रुंद ब्रशने कॉर्डिएराइटच्या (उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकच्या) शेल्फवर, म्हणजे काच ठेवायच्या फळीवर, चार-पाच हात द्या, प्रत्येक हात आधीच्या हाताला आडवा. वाळल्यावर २५० ते ३०० अंशांना वीस मिनिटं तापवा, कारण आत राहिलेलं पाणी काचेखाली वाफ होऊन फुगा काढतं.

फुल फ्यूज झाल्यावर तो थर खरवडून काढा आणि नवा द्या. जुन्यावरच काम केलं की पांढरं कवच काचेच्या पाठीला चिकटून येतं आणि मग ते कशानेही सुटत नाही. नुसत्या स्लंपिंगला मात्र एकच थर बरेच दिवस टिकतो. खरवडताना मास्क लावायचा, त्याबद्दल प्रश्न १८ पाहा.

९. पहिल्या फायरिंगचा प्रोग्रॅम काय भरू?

४ एमएम प्लेन काचेचे १५ × १५ सेंमीचे दोन तुकडे, एकावर एक, फुल फ्यूज. शेल्फ भट्टीच्या तळापासून दोनेक सेंमी उंच ठेवा, खालून हवा फिरली पाहिजे.

१) ताशी १२० ने ५४० पर्यंत, १५ मिनिटं थांबा. इथे घाई केली की काच तडकते.
२) ताशी १५० ने ६८० पर्यंत, ३० मिनिटं. वरचा थर हळूहळू खाली बसतो आणि मधली हवा कडेने निघते.
३) ताशी २५० ने ८३० पर्यंत, १५ मिनिटं.
४) भट्टी न उघडता, तार बंद ठेवून ५५० पर्यंत आपोआप उतरू द्या.
५) ५५० ला ९० मिनिटं.
६) ताशी ६० ने ४३० पर्यंत.
७) ताशी ११० ने ३२० पर्यंत, मग बंद.

इथवर साधारण बारा तास जातात आणि त्यापुढे आपोआप थंड व्हायला आणखी काही. ५० अंशांच्या खाली आल्याशिवाय झाकण उचलू नका.

८३० हा आकडा पवित्र नाही. थर्मोकपल कुठे बसवलंय यावर एका भट्टीतलं ८३० दुसरीतलं ८१५ असू शकतं. पहिल्या वेळी ८१० पासून दर पाच मिनिटांनी निरीक्षणाच्या भोकातून पाहा, वेल्डिंगचा हलक्या शेडचा चष्मा लावून. कडा गोल झाल्या आणि दोन थरांमधली रेघ गेली की झालं. तो आकडा वहीत लिहा; पुढे सगळे प्रोग्रॅम त्यावरून ठरतील.

१०. अ‍ॅनीलिंगला इतका वेळ का घालवायचा? काच तर आधीच जुळलेली असते.

प्रश्न ९ मधला ५५० चा थांबा आणि त्यापुढची सावकाश उतरण म्हणजे अ‍ॅनीलिंग. ते लागतं, कारण काच बाहेरून आधी गार होते आणि आतून नंतर. बाहेरचा थर कडक झाल्यावर आतला आकसायला लागतो, बाहेरचा त्याला आकसू देत नाही, आणि ही ओढाताण काचेत कायमची कोंडली जाते. ५५० च्या आसपास काच आकार सोडत नाही, पण आतला ताण मोकळा करू शकते. तिथे सगळी काच एकाच तापमानाला आली आणि मग सगळी मिळून सावकाश उतरली तर ताण उरत नाही. नुसतं थांबून भागत नाही. ५५० ते ४३० ही उतरणही तितकीच महत्त्वाची आहे, आणि नवशिके नेमकी तीच कापतात.

जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो. १२ एमएमला दोन तास थांबा आणि ताशी ५५ ने उतरण. २५ एमएमला चार तास थांबा आणि ताशी १५ ने, म्हणजे १२० अंशांची तेवढीच उतरण आठ तास चालते. जाडी मोजताना सर्वांत जाड जागा मोजा, सरासरी नाही.

ताण डोळ्यांनी पाहता येतो. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून पडदा काळा होईपर्यंत फिरवा, आणि मध्ये काच धरा. निर्दोष काच काळीच दिसते. कुठे पांढरा उजेड किंवा धूसर वलय दिसलं तर तिथे ताण आहे. अशी काच आज अखंड असली तरी महिन्याभराने कपाटात तडकू शकते. तिला पुन्हा ताशी ६० ते ८० ने ५६० पर्यंत नेऊन दोन तास थांबवा आणि सावकाश उतरवा.

११. एकच थर ठेवला तर चौकोन आकसून वाकडा का झाला?

पूर्ण वितळलेली काच स्वतःहून साधारण ६ ते ७ एमएम जाडी धरायला बघते. ४ एमएमचा एकटा थर ती जाडी गाठायला कडा आत ओढतो आणि कोपरे टोकदार होतात. तीन थर, म्हणजे १२ एमएम, असतील तर उलट पसरतात आणि बांध घालावा लागतो. दोन थरांचे ८ एमएम किंचित पसरतात, ते चालतं. एकच थर हवा असेल तर फुल फ्यूज नका करू, टॅकवर थांबा.

१२. वर पांढरट, सुरकुतलेली साय आल्यासारखी दिसते. हे काय?

याला डिव्हिट म्हणतात. काचेच्या पृष्ठभागावर बारीक स्फटिक धरतात. प्लेन काचेला ही खोड रंगीत फ्युजिंग काचेपेक्षा फार जास्त. ७०० ते ८०० च्या दरम्यान जितका वेळ जाईल तितकी ती वाढते, म्हणून प्रश्न ९ मधला तिसरा टप्पा वेगाचा ठेवला आहे.

खान्देशातलं दुसरं कारण पाणी. बोअरचं जड पाणी काचेवर वाळलं की क्षारांचे ठिपके राहतात आणि प्रत्येक ठिपका स्फटिकाचं बी होतो. शेवटची धुलाई बॅटरीच्या पाण्याने (डिस्टिल्ड वॉटरने, अ‍ॅसिडने नव्हे) करा, जुन्या धोतराच्या स्वच्छ कापडाने पुसा, नंतर फक्त कडेला धरा. घासलेल्या कडा विशेष नीट धुवा.

उपाय म्हणून टाकणखार. सराफांकडे सवागी म्हणून मिळते तीच. एक चहाचा चमचा पाव लिटर उकळत्या पाण्यात विरघळवा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, गाळा, आणि वरच्या काचेवर पातळ फवारा द्या. आधीच साय आलेला तुकडा ओल्या सँडपेपरने घासून, हाच फवारा देऊन पुन्हा फुल फ्यूज केला तर बहुधा सुधारतो.

१३. मोठा फुगा आला आणि फुटून भोक पडलं.

फुगा थरांच्या मधला की काचेखालचा, ते आधी ठरवा. खालचा असेल तर शेल्फला खड्डा आहे किंवा किल्न वॉश ओला होता. मधला असेल तर प्रश्न ९ मधल्या दुसऱ्या टप्प्यात कमी थांबलात, किंवा मांडणीत हवा कोंडली गेली, उदाहरणार्थ चारही कडांना पट्ट्या आणि मध्ये पोकळी. बारीक बुडबुडे राहणारच, त्यांच्यामागे लागू नका.

१४. वाटी किंवा ताटली करायला साचा कुठला? घरची स्टीलची वाटी चालेल?

स्टील तापून गार होताना काचेपेक्षा जास्त आकसतं. काच स्टीलच्या आत असेल तर स्टील तिला आवळतं आणि फोडतं. म्हणून वाटी पालथी घाला आणि काच तिच्यावरून ओघळू द्या. गार होताना स्टील आतून सुटून येतं. मातीच्या साच्याचं बरोबर उलट: माती काचेपेक्षा कमी आकसते, म्हणून काच मातीच्या आत हवी, वर नको.

कुंभाराकडची बिनझिलईची, उथळ, नीट भाजलेली ताटली चांगला साचा होतो. तळाला सर्वांत खोल जागी २ एमएमचं भोक पाडा, नाहीतर हवा कोंडते. किल्न वॉश द्या. स्टीलला तो थंडपणी धरत नाही. वाटी २००-२५० अंशांना तापवून त्यावर हात द्या.

आता काच एकसंध ८ एमएमची झालेली असते, म्हणून पहिल्यापेक्षा सावकाश: ताशी ८० ते १०० ने ५४० पर्यंत, मग ७०० पर्यंत, आणि तिथे पाहत राहा. तळाला टेकली की लगेच खाली आणा. पुढची उतरण प्रश्न ९ प्रमाणेच.

प्लेन काच कारखान्यात वितळलेल्या कथिलावर तरंगत तयार होते, त्यामुळे तिच्या एका बाजूला कथिलाचा अंश असतो. ती बाजू वाटीच्या आत आली तर धुकट सुरकुत्या दिसतात. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्यात ती बाजू दुधाळ चमकते. ती वाटीच्या बाहेरच्या अंगाला येईल अशी ठेवा: साच्याच्या आत बसवताना खाली, पालथ्या वाटीवर ओघळवताना वर. दिव्याकडे थेट पाहू नका. नोटा तपासायचा जांभळा दिवा बहुधा ३६५ चा असतो, त्यात फरक नीट कळत नाही.

१५. फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे काचेत बसवता येतील?

सुंदर कल्पना आहे आणि सर्वांत जास्त निराशा इथेच होते. प्रत्येक काच तापून गार होताना किती आकसते याचा एक आकडा असतो. प्लेन काचेचा साधारण ८३ ते ९०, फ्युजिंगच्या एका प्रकाराचा ९०, दुसऱ्याचा ९६. बांगडीचा किती, ते कासारही सांगू शकत नाही, आणि एका डझनातल्या लाल-हिरव्या बांगड्यांचाही सारखा असेलच असं नाही. आकडे जुळले तरी काच जुळतेच असं नसतं, कारण कोणती काच किती अंशांना घट्ट होते यावरही ते अवलंबून असतं. त्यामुळे ‘दोन्ही ९०’ यावर विसंबू नका.

करून पाहायची चाचणी अशी: प्लेन काचेची पट्टी घ्या, तिच्यावर प्रत्येक बांगडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा अंतराने ठेवा, शेवटी प्लेन काचेचाच एक तुकडा ठेवा. फुल फ्यूज, पूर्ण अ‍ॅनीलिंग. मग प्रश्न १० मधल्या पडद्यासमोर धरा. प्लेन तुकड्याभोवतीही उजेड दिसला तर अ‍ॅनीलिंग चुकलं, चाचणी पुन्हा करा. तो काळा आणि बांगडीभोवती वलय असेल तर ती बांगडी बाद. जरीचं काम, चकाकी आणि वरचा रंग जळून जातो, तेव्हा रंग फक्त अंगचा असलेल्या बांगड्याच निवडा. बाद झालेल्या बांगड्या एकमेकींशी जुळतात का, हेही याच पद्धतीने पाहता येतं.

१६. प्लेन काचेला रंग कसा द्यायचा? पान, तांबं, चांदी आत घालता येते?

बाजारातले हौशी काचरंग जळून जातात. भट्टीत चालणारे काचेचे एनॅमल रंग वेगळे असतात. पुडीवर कोणत्या काचेसाठी आणि किती तापमानाला ते लिहिलेलं असतं. दागिन्यांचा मीना धातूसाठी बनवलेला असतो, तो जाड थराने काचेवर लावू नका, तडकतो.

तांब्याचा पातळ पत्रा दोन थरांमध्ये सुरेख दिसतो: मध्ये लालसर तपकिरी, कडेला जिथे हवा लागली तिथे निळसर हिरवा. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, त्यामुळे तिचा वर्ख टिकतो, पण काचेत पिवळसर छटा सोडतो. अ‍ॅल्युमिनियम ६६० लाच वितळतं, ते नको. जाड तार घातली की तिच्याभोवती तडे जातात. वर्ख आणि कागदासारखा पत्रा एवढंच.

कडुनिंब किंवा चिंचेचं पान पुस्तकात दाबून पूर्ण वाळवून घाला. पान जळतं आणि राखेचा शिरांसकट ठसा राहतो. केळीचं पान घालून पाहण्याचा मोह जळगावकरांना होणारच, पण त्यात ओल आणि जाडी इतकी असते की ठशाऐवजी फुगा मिळतो. खाण्याच्या सोड्याची चिमूट भुरभुरली तर मुद्दाम बुडबुड्यांची नक्षी करता येते.

१७. मध्येच लाइट गेली तर? व्होल्टेज कमी असेल तर?

पहिली गोष्ट, झाकण उघडू नका. पुढचं कुठल्या टप्प्यावर गेली त्यावर.

चढताना ५४० च्या खाली गेली तर काही बिघडत नाही. आली की भट्टीच्या त्या वेळच्या तापमानापासून त्याच वेगाने पुढे. ६८० च्या वर गेली आणि ५५० च्या खाली यायच्या आत आली, तर तिथूनच वर न्या. साय येण्याची शक्यता वाढते एवढंच. अ‍ॅनीलिंगमध्ये गेली आणि तापमान ४००-५०० वर घसरलं असेल तर ताशी ६० ने पुन्हा ५५० ला चढवा आणि ९० मिनिटं पहिल्यापासून मोजा. ३०० च्या खाली उतरली असेल तर गार होऊ द्या. तडकली नसेल तर दुसऱ्या दिवशी सावकाश ५६० ला नेऊन पुन्हा अ‍ॅनील करा.

घरचा इन्व्हर्टर भट्टी ओढत नाही, पण काहीजण फक्त कंट्रोलर त्यावर घेतात. यात एक खोच आहे. लाइट नसताना कंट्रोलर जागा राहिला तर त्याचं घड्याळ पुढे पळतं, आणि लाइट येते तोवर त्याच्या मते अ‍ॅनीलिंग संपलेलं असतं. म्हणून ‘होल्डबॅक’ किंवा ‘गॅरंटीड सोक’ नावाची सेटिंग चालू करा, १५ अंशांवर. मग भट्टी मागे राहिली की घड्याळही थांबतं.

कमी व्होल्टेजचा फटका वाटतो त्यापेक्षा मोठा असतो, कारण ताकद व्होल्टच्या वर्गाने घटते. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर ७६ टक्के ताकद उरते, १९० आले तर ६८. रब्बीत पंप चालू असताना गावाकडे ८०० च्या पुढे भट्टी चढेनाशी होते ती यामुळे. आपल्या भागात दाब कधी चांगला असतो ते दोन दिवस पाहा आणि ६८० ते ८३० चा टप्पा त्या वेळेत येईल असा प्रोग्रॅम सुरू करा. बहुतेकांना तो मध्यरात्रीनंतरचा सापडतो.

१८. यात धोका कशाचा?

भाजण्यापेक्षा धुळीचा. काचेची भुकटी, किल्न वॉश, सिरॅमिक फायबर हे फुप्फुसात जाऊन बसतं. नीट बसणारा एन-९५ मास्क लावा, घासकाम ओलं करा, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. लोखंडी खलबत्त्यात काच कुटली तर भुकटीतून चुंबक फिरवा, आणि तो खलबत्ता पुन्हा स्वयंपाकघरात नको. फायबर पेपर (उष्णता सोसणाऱ्या तंतूंचा कागद) पहिल्यांदा तापताना त्यातला बाइंडर जळून धूर येतो, खिडकी उघडी ठेवा. पायात बंद बूट. चप्पल किंवा अनवाणी अजिबात नाही.

१९. मे महिन्यात आणि हिवाळ्यात काही बदलायचं का?

काचेसाठी मे महिना अडचणीचा नाही, कंट्रोलरसाठी आहे. बाहेर ४५ आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त असताना एसएसआर लवकर तापतो. १३ अँपिअरच्या भट्टीला ४० अँपिअरचा एसएसआर, मोठ्या हीटसिंकवर, आणि पेटीला छोटा पंखा. पेटी भट्टीच्या अंगाला चिकटवू नका. भट्टी ५० च्या खाली यायलाही जास्त वेळ लागतो, तो मोजून चाला.

हिवाळ्यात उलट. धुळ्याला पहाटे पारा एक आकड्यावर असताना ९० अंशांची भट्टी उघडली तर जाड काच तिथल्या तिथे तडकते. पावसाळ्यात किल्न वॉश आणि मातीचे साचे वाळल्यासारखे दिसतात पण वाळलेले नसतात. १०० ते १२० अंशांवर तासभर जास्त थांबा.

२०. तुकडा तडकला. चूक कुठे झाली ते कळतं का?

तड्याच्या कडेवरून बोट न फिरवता भिंगातून पाहा. कड गोल, वितळलेली असेल तर चढताना तडकला: पहिला टप्पा घाईचा. कड धारदार असेल तर उतरताना किंवा नंतर. धारदार तडा नागमोडी वळत गेला असेल तर अ‍ॅनीलिंग अपुरं. दोन रंगांच्या हद्दीवरून चालला असेल तर काचा जुळत नाहीत (प्रश्न १५). एका बिंदूतून फाटे फुटले असतील तर काच तिथे शेल्फला किंवा साच्याला चिकटली होती.

२१. केलेल्या ताटलीत भरीत वाढलं तर चालेल?

कोमट झालेलं चालेल. कढईतून थेट उतरवलेलं नको. ही काच अ‍ॅनील केलेली आहे, टफन नाही, आणि ८ एमएमच्या काचेला अचानक उष्णता सोसत नाही. गॅस, मायक्रोवेव्ह, फ्रीझर यांतही नाही. एनॅमल रंग वरच्या बाजूला असेल तर ती ताटली शोभेची समजा. तांबं पूर्ण काचेत बंद असेल तर हरकत नाही; कडेला उघडं पडलं असेल तर दही, लिंबू, लोणचं त्यात ठेवू नका.

२२. तडकलेला तुकडा पुन्हा भट्टीत घालून सांधता येतो का?

कारण कळलं असेल तरच. काचा न जुळल्याने तडकला असेल तर कितीही वेळा वितळवा, पुन्हा तिथेच फुटेल. अ‍ॅनीलिंग किंवा घाईमुळे असेल तर तुकडे धुऊन, घट्ट जुळवून, खाली पूर्ण आकाराचा नवा ४ एमएमचा थर घाला, अर्थात त्याच शीटमधला, आणि फुल फ्यूज करा. आता जाडी १२ एमएम झाली: चढण ताशी ८०, ५५० चा थांबा दोन तास, उतरण ताशी ५५, आणि काच बाहेर पसरू नये म्हणून कडेने फायबर पेपर लावलेल्या विटांचा बांध. सांध्याची रेघ उजेडाला धरल्यावर थोडी दिसतेच.